जायचं तिकीट काढलं, निघायचं राहिलं

नमस्कार ताई,

मी कराडचा, वय २७. पुण्यातली नोकरी सोडली आहे, नवी नोकरी अडीच महिन्यांनी सुरू होईल. मधल्या काळात मी आणि माझा मावसभाऊ पहिल्यांदाच परदेशात जातोय. मुंबई-बँकॉक एकेरी तिकिटं काढून झाली. थायलंडमध्ये साधारण तीन आठवडे, मग रात्रीच्या रेल्वेनं लाओस, तिथून बसनं व्हिएतनाम, आणि मन भरेल तेव्हा हनोईहून घरी, असा बेत आहे. परतीची तारीख मुद्दामच ठेवलेली नाही.

आता मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण म्हणतो, परतीचं तिकीट नसेल तर मुंबईतच विमानात बसू देत नाहीत. दुसरा म्हणतो, मी गेलो तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. भीती वाटत असेल तर नऊशे रुपयांत ‘डमी तिकीट’ मिळतं, ते दाखव. आमचा एजंट म्हणतो, बँकॉक-मुंबई परतीचं काढून टाका. ते वाया जाणार हे उघड आहे. बाबा म्हणतात, खोटा कागद खिशात घालून जाणार असलास तर जाऊच नकोस. मावसभावाचं गॅरेज आहे, तो नववीनंतर शिकला नाही. त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ छापलंय. त्याला काही अडचण येईल का? नेमकं कोण काय विचारतं आणि आम्ही काय दाखवायचं?

– ओंकार

प्रिय ओंकार,

आधी उत्तर देते, कारणं नंतर. डमी तिकीट घेऊ नकोस. एजंट म्हणतो ते बँकॉक-मुंबईही घेऊ नकोस. तुम्ही दोघं दोन खरी तिकिटं काढा. एक थायलंडमधून बाहेर पडण्याचं, ठरलेल्या तारखेचं. दुसरं हनोई-मुंबई, तारीख बदलता येईल असं. पहिलं विमान कंपनीच्या काउंटरसाठी लागेल. दुसरं तुला उपयोगी पडेल, पण तुझ्या मावसभावाला त्यावाचून निघताच येणार नाही असं धरून चाल.

चेक-इन काउंटरच्या आतल्या बाजूला माझी बरीच वर्षं गेली. एकेरी तिकीट घेऊन आलेली माणसं समोर उभी राहायची आणि त्यांतल्या अनेकांना वाटायचं, ही बाई उगाच अडवते आहे किंवा हिच्या कंपनीला आणखी एक तिकीट खपवायचंय. म्हणून हा प्रश्न मुळात येतो कुठून ते नीट सांगते. ते कळलं की काय दाखवायचं हे तुझं तुलाच उमगेल.

नागरी विमान वाहतुकीचा जो १९४४ चा शिकागो करार आहे, त्याच्या नवव्या परिशिष्टात प्रवाशांच्या ये-जा करण्याचे नियम आहेत. प्रवाशाकडे पुढच्या देशासाठी लागणारी कागदपत्रं आहेत याची खातरजमा विमान कंपनीनं निघण्याच्या ठिकाणीच करायची, आणि त्या देशानं प्रवेश नाकारला तर त्याला तिथून बाहेर नेण्याची जबाबदारीही त्याच कंपनीनं घ्यायची, असं त्यात आहे. त्यावर बऱ्याच देशांनी आपापले दंड लावलेत. योग्य कागदपत्रांशिवाय माणूस आणला तर ब्रिटन माणशी २,००० पौंड घेतं. आपल्याकडेही २००० सालचा कायदा होता, त्यात विमान कंपनीला माणशी एक लाख रुपये दंड होता. आता त्याची जागा २०२५ च्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्यानं घेतली आहे. म्हणजे बँकॉकच्या अधिकाऱ्यानं तुला परत पाठवलं तर भुर्दंड आधी कंपनीला, आणि परत आणण्याचा खर्च ती पुढे तुझ्याकडून वसूल करू शकते. त्यामुळे काउंटरवरची मुलगी तुझ्यावर संशय घेत नसते. तू उतरशील त्या देशाचा प्रश्न ती मुंबईतच विचारत असते.

तो प्रश्न तिच्या मनातला नसतो. समोरच्या पडद्यावर ‘टायमॅटिक’ नावाची प्रणाली असते. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे आयाटानं, चालवलेली. नागरिकत्व कुठलं, पासपोर्ट कधी संपतो, कुठे चालला, किती दिवस, तिथून पुढे कुठे, एवढं भरलं की कुठली कागदपत्रं हवीत ते ती सांगते. तिथे ‘परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट आवश्यक’ असं आलं की काउंटरवाली ते मागते. गर्दी असेल, प्रवासी रुळलेला दिसत असेल, तर कधी मागतही नाही. त्यामुळे तुझ्या ग्रुपवरचे दोघंही खरं बोलत असणार. एकाला अडवलं, एकाला नाही. पण विचारलं नाही म्हणून नियम नाही, असं होत नाही, आणि आपल्या वेळी विचारणार नाहीत यावर अडीच महिन्यांचा बेत टाकण्यात अर्थ नाही.

आता या मागणीतला नेमका मुद्दा बघ. परतच आलं पाहिजे असा हट्ट बहुतेक ठिकाणी नसतो. ‘पुढच्या प्रवासाचं’ तिकीटही चालतं. मात्र त्यात चार गोष्टी जुळाव्या लागतात. तिकीट त्या देशाच्या बाहेर नेणारं हवं. तुझ्या नावाचं हवं, पासपोर्टवर आहे तसंच नाव. तुला तिथे राहायची जेवढी मुदत मिळणार आहे तिच्या आतल्या तारखेचं हवं. आणि ज्या देशात ते नेतं, तिथे तुला प्रवेश मिळणार असला पाहिजे. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. व्हिसा नसताना बँकॉकहून टोकियोचं स्वस्त तिकीट काढून ठेवलं तर काउंटरवर त्याला किंमत नाही, कारण तिथून तू पुन्हा परत फिरणार.

‘बाहेर नेणारं’ याचीही एक गंमत नव्हे, अडचणच आहे. लाओसला कमी खर्चात जाणारे बरेच जण बँकॉकहून उदोन थानीला देशांतर्गत विमानानं जातात, तिथून नोंग खाईपर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटर बस किंवा गाडी, आणि मग मेकाँग नदीवरचा मैत्री पूल ओलांडून लाओसची राजधानी व्हिएनतियान. प्रवास म्हणून हा मार्ग उत्तम. पण उदोन थानी थायलंडातच आहे. ते तिकीट काउंटरवर दाखवलंस तर थायलंड सोडल्याचा पुरावा म्हणून ते शून्य.

तुझ्या रेल्वेचं काय? बँकॉकहून थेट व्हिएनतियानपर्यंतची रात्रीची गाडी जुलै २०२४ पासून सुरू झाली आहे. तिचं तिकीट खरं असतं, त्यावर तारीख असते. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला ते दाखवलंस तर तो समजून घेण्याची शक्यता चांगली. पण मुंबईच्या काउंटरवर रेल्वेचं किंवा बसचं तिकीट मान्य करायचं की नाही हे विमान कंपनीगणिक, आणि खरं सांगायचं तर त्या पाळीच्या सुपरवायझरगणिक बदलतं. विमानाच्या तिकिटाचा क्रमांक त्यांना तिथल्या तिथे तपासता येतो. परक्या देशातल्या रेल्वेच्या तिकिटाचं त्यांना काहीच करता येत नाही. तू कंपनीला आधी ईमेल करून विचारू शकतोस, विचारच, आणि ‘चालेल’ असं लेखी उत्तर आलं तर त्याची छापील प्रत जवळ ठेव. तरीही पहिल्याच परदेश प्रवासात, मध्यरात्री, मागे रांग लागलेली असताना त्या एका ईमेलवर विसंबून उभं राहावं असा सल्ला मी तुला देणार नाही.

म्हणून म्हणते, थायलंडमधून बाहेर पडण्याचं विमानाचं तिकीट काढ. तू स्वतःच लिहिलं आहेस, ‘साधारण तीन आठवडे’. मग तेवढी एक तारीख पक्की कर. बँकॉक-व्हिएनतियान किंवा बँकॉक-लुआंग प्राबांग विमानानं गेलास तर तुझ्या बेतातली फक्त एक रात्रीची रेल्वे जाते, बाकी सगळं तसंच राहतं. रेल्वेचा प्रवास करायचाच असेल, आणि मला तो मोह समजतो, तर त्या तारखेच्या आसपास बँकॉकहून निघणारं सगळ्यांत स्वस्त परदेशी तिकीट शोध, पण अशाच देशाचं जिथे तू खरोखर जाऊ शकतोस. मलेशियानं भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश २०२६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत दिला आहे, म्हणून क्वालालंपूरचं तिकीट अशा वेळी बरेच जण काढतात.  ते तिकीट खरं असेल, पैसे भरलेलं असेल, आणि आयत्या वेळी लाओसचा बेत फिसकटला तर तू त्यानं खरोखर जाशील. न वापरलंस तर तेवढे पैसे गेले. तारीख मोकळी ठेवायची असेल तर तिची ही किंमत आहे, आणि ती आधीच अंदाजपत्रकात धरलेली बरी.

पूर्ण परतावा मिळणारं महाग तिकीट काढायचं आणि पोहोचल्यावर रद्द करायचं, हाही एक सरळ मार्ग आहे. त्यात बेकायदा काही नाही. फक्त ‘रिफंडेबल’ या शब्दावर जाऊ नकोस, भाड्याच्या अटी उघडून वाच. रद्द करण्याचं शुल्क किती, पैसे कार्डावर परत येतात की त्याच कंपनीच्या खात्यात पुढच्या प्रवासासाठी अडकून राहतात, किती दिवसांनी येतात, हे सगळं तिथे असतं. मधल्या एखाद्या बुकिंग साइटवरून काढलंस तर तिचं शुल्क वेगळं. तुमच्यासारख्या बेतात मोठी रक्कम आठवड्यानुआठवडे अडकवण्यापेक्षा छोटं तिकीट मला जास्त पटतं.

तारखेचा हिशेब करताना जपून. थायलंडनं भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला, जुलै २०२४ मध्ये तो ६० दिवसांचा केला. ही मुदत सरकारी निर्णयानं वर-खाली होते, म्हणून तुझ्या जाण्याच्या आठवड्यात काय लागू आहे ते थायलंडच्या दूतावासाच्या साइटवर बघ, ग्रुपवर नको. तुझे तीन आठवडे तिच्यात बसतात ना, तेही तिथेच बघ. आणि दिवस मोजताना उतरलास तो दिवस पहिला धर. मुंबईहून रात्री उशिरा निघणारी विमानं बँकॉकला दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचतात. शिक्क्यावर तीच तारीख पडते.

आता डमी तिकीट. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे न भरलेलं आरक्षण. एजंट विमान कंपनीच्या प्रणालीत तुझ्या नावानं जागा धरून ठेवतो, त्याचा सहा अक्षर-अंकांचा पीएनआर मिळतो, तो काही तास किंवा एक-दोन दिवस जिवंत राहतो आणि मग आपोआप मरतो. व्हिसाच्या अर्जासाठी हे सर्रास चालतं आणि त्यात वावगं काही नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या फाईलमध्ये प्रवासाचं आरक्षण मागतात, आणि व्हिसा हाती येण्याआधी तिकिटाचे पैसे भरू नका असं तर दूतावासच सांगतात. तिथे तो ‘हा माझा बेत आहे’ एवढंच सांगणारा कागद असतो. विमानतळावर मात्र प्रश्न बेताचा राहत नाही, तिकिटाचा होतो. तिकीट निघालं की त्याला तेरा अंकी क्रमांक पडतो, पहिले तीन अंक विमान कंपनीचे. एअर इंडियाचं तिकीट ०९८ नं सुरू होतं. पैसे न भरलेल्या आरक्षणाला हा क्रमांकच नसतो. काउंटरवर पीएनआर घातला की एका नजरेत कळतं. आणि तू तिथे पोहोचेपर्यंत तो रद्द झालेला असेल तर तुझ्या हातात नुसता कागद.

दुसरी गोष्ट म्हणजे संगणकावर बनवलेली पीडीएफ. त्यावर बोधचिन्ह असतं, नाव असतं, क्रमांकही असतो, फक्त त्या नावाचं तिकीट जगात कुठेच नसतं. हा खोटा दस्त आहे. तो खरा म्हणून अधिकाऱ्यापुढे ठेवणं हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, आणि थायलंडमध्ये उतरल्यावर दाखवलास तर तिथला कायदा वेगळा. नऊशे रुपयांत तुला यांतलं नेमकं काय मिळणार हे विकणारा सांगत नाही, आणि घेणाऱ्याला बघून कळत नाही. ओंकार, तुझे बाबा अगदी बरोबर आहेत. आणि त्यांचं बोलणं नुसतं सचोटीपुरतं नाही, व्यवहाराचंही आहे. खोटं उघड झालं तर त्या दिवशीचं विमान गेलं, त्याचे पैसे गेले, ते राहू दे. पण चौकशीत अडकलास तर नव्या नोकरीच्या तोंडावर ते प्रकरण तुझ्या मागे लागेल. ज्या पोराच्या खऱ्या तिकिटाला काही हजार रुपये लागले असते, त्यानं हे ओढवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

काउंटर झाला की पुढे आपल्याच इमिग्रेशनचा अधिकारी. त्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तुम्हा दोघांना तो जास्त विचारला जाईल अशी माझी अटकळ आहे. पहिल्यांदा परदेशात जाणारे दोन तरुण, एकेरी तिकीट, बँकॉक, पुढे लाओस. गेल्या काही वर्षांत नेमक्या याच वाटेनं आपली मुलं फसवून नेली गेली आहेत. ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल मार्केटिंग’ची नोकरी म्हणून बँकॉकला बोलवायचं, तिथून म्यानमारच्या म्यावाडीला, लाओसच्या गोल्डन ट्रँगल भागात किंवा कंबोडियात न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचे आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपायचं. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देतंय. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडच्या माए सोतहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यामुळे अधिकाऱ्यानं ‘कशाला चाललात, कुणी बोलावलंय, खर्च कोण करतंय, परत कधी’ असं खोदून विचारलं तर त्याचा राग मानू नकोस. त्या रांगेत कधी कधी खरोखरच फसलेला मुलगा उभा असतो, आणि त्याला थांबवायची ती शेवटची जागा असते. तुम्हालाही वाटेत कुणी ‘इथंच एक चांगलं काम आहे’ म्हणालं, तर त्या गाडीत बसायचं नाही, हे दोघांत आत्ताच ठरवून टाका.

या अधिकाऱ्याला ‘बघू, मन भरेल तेव्हा येऊ’ हे उत्तर देऊ नकोस. ते खरं असलं तरी त्यातून त्याला काहीच कळत नाही. तुझ्याकडे सांगायला चांगलं, पक्कं असं बरंच आहे: नव्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र आणि त्यावरची रुजू होण्याची तारीख, आधीच्या कंपनीनं मुक्त केल्याचं पत्र, बँकेचं गेल्या काही महिन्यांचं विवरण, बँकॉकमधल्या पहिल्या काही रात्रींचं हॉटेल, व्हिएतनामचा ई-व्हिसा, आणि हनोई-मुंबई तिकीट. रुजू होण्याची तारीख ही तुझ्या परत येण्याची सगळ्यांत मोठी हमी आहे. ते पत्र सगळ्यांत वर ठेव.

मावसभावाची बाजू मात्र निराळी आहे, आणि बरं झालं तू विचारलंस. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारी तपासणी आवश्यक, असं छापलेलं असतं. ती तपासणी १८ देशांना लागू आहे. आखाती देश सगळ्यांना माहीत असतात, पण त्या यादीत थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. लाओस-व्हिएतनाम नाहीत, पण तुम्ही पहिल्यांदा उतरणार थायलंडमध्ये. फिरायला जाणाऱ्याला वेगळी मंजुरी काढावी लागत नाही. ऑक्टोबर २००७ पासून ती अट गेली. मात्र त्याऐवजी विमानतळावर वैध पासपोर्ट, लागत असेल तिथे व्हिसा, आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं. इथे ‘पुढचं’ चालेल असं गृहीत धरू नका, ‘परतीचं’च जवळ हवं. व्हिएनतियानचं तिकीट दाखवून त्याचं भागणार नाही. हनोई-मुंबई काढा म्हणते ते मुख्यतः यासाठी. शिवाय गॅरेजचा परवाना किंवा उद्यम नोंदणी, तिथले फोटो, बँकेचं विवरण त्याच्याकडे असू दे. गॅरेज टाकून हा माणूस बँकॉकला मजुरी करायला कशाला राहील, हे अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे. आणि दोघं एकत्र उभे राहा. तू पुढे निघून गेलास आणि तो मागे अडकला, असं होऊ देऊ नकोस.

यावर कायमचा उपायही आहे. तो आयकर भरत असेल तर विवरणपत्र आणि पॅन दाखवून पासपोर्टवरचा ईसीआर काढून घेता येतो. दहावी झालेलं असण्याची गरज नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनाही तो लागत नाही. त्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रात नव्यानं पासपोर्ट काढायचा अर्ज करावा लागतो. प्रवासाला पुरेसा वेळ असेल तर हेच आधी करा. पण लक्षात ठेव, नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा. जुन्या क्रमांकावर काढलेला व्हिएतनामचा ई-व्हिसा मग फुकट जातो, आणि विमानाच्या बुकिंगमध्ये क्रमांक भरला असेल तर तोही बदलावा लागतो. म्हणून पासपोर्टचा निर्णय सगळ्यांत आधी, मग व्हिसा, मग तिकिटं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. अर्जात कुठल्या नाक्यावरून शिरणार ते निवडावं लागतं. तुम्ही लाओसहून बसनं जाणार, तर ती बस काऊ त्रेओवरून जाते की लाओ बाओवरून हे आधी बघून तोच नाका भरा. विमानतळ भरून ठेवलात आणि बसनं गेलात तर सीमेवर अडचण होईल. लाओसलाही भारतीयांना व्हिसा लागतो. ई-व्हिसा मिळतो, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो. मैत्री पूल त्यांत आहे. हे दोन्ही व्हिसे छापून जवळ असले की काउंटरवरही बोलणं सोपं होतं, कारण ‘पुढे कुठे’ या प्रश्नाचं उत्तर तिकिटाच्या जोडीला कागदावर दिसतं.

थायलंडच्या बाजूचं फारसं काही नाही. मे २०२५ पासून तिथे डिजिटल आगमन पत्र भरणं सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, थायलंडच्या इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर, आणि ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद कर.

अशाच आशयाची दोन-तीन पत्रं आणखी आली आहेत, म्हणून त्यांनाही इथेच थोडक्यात. शिक्षणाला जर्मनीला किंवा कॅनडाला निघालेल्या मुलांकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा परवाना असतो. त्यांनी एकेरी तिकीट काढण्यात काहीच गैर नाही, कुणी परतीचं मागणार नाही. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांचं तसं नाही. त्यांच्या पर्यटक व्हिसावर विमान कंपनी बहुधा अडवत नाही, पण तिथे उतरल्यावर अधिकारी ‘परत कधी’ हे विचारतो, आणि इंग्रजीत गोंधळून दिलेल्या उत्तरापेक्षा तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट त्यांच्या हातात असलेलं केव्हाही चांगलं. फिलिपिन्सनं जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, पण पुढचं किंवा परतीचं पक्कं तिकीट ही त्याची अटच आहे. बालीला विमानतळावर व्हिसा घेणाऱ्यांनाही तीच अट.

ओंकार, एवढं सगळं करूनही काउंटरवर कुणी अडलंच, तर आवाज चढवू नकोस. ‘टायमॅटिकमध्ये माझ्यासाठी नेमकं काय लिहिलंय ते सांगाल का?’ असं विचार आणि सुपरवायझरला बोलवायची विनंती कर. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो, कारण काउंटरवर नवी असलेली मुलगी स्वतःच्या जबाबदारीवर हो म्हणायला घाबरत असते. नाहीच सुटला, तर तिथेच उभ्या उभ्या आणखी एक तिकीट काढावं लागेल, आणि त्यासाठी वेळ हवा. तीन तास आधी पोहोचा, चार तास आधी पोहोचलात तर आणखी बरं. वेब चेक-इन झालं असलं तरी कागदपत्रं दाखवायला काउंटरवर जावंच लागतं. निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार चालू करून ठेव. आपल्याकडे नव्या कार्डांवर ते बंदच असतात. मावसभावाच्या कार्डावरही करून ठेव. दोन्ही तिकिटांवरचे तेरा अंकी क्रमांक बघून घे, आणि ती कागदावर छापून दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळी ठेवा, फोनवर विसंबू नका.

– तुझी ताई